युवराजचा गुडघा

"बाजी, एकच विचारतो. फुटलास काय?"

सर्जेरावनं मला ड्रेसिंग रूमच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी ओढत नेलं होतं. त्याच्या हातात सामन्याआधी फोडायचा नारळ होता. फायनल सुरू व्हायला अर्धा तास उरला होता आणि भिंतीपलीकडं हलगी कडाडत होती.

"काय बोलालाइस लेका?"

"मी न्हाई, गाव बोलालंय. सकाळपास्नं चौघांनी विचारलं मला. तुझा इंगवले म्हणं पुणेवाल्यांच्या गाडीतनं उतरला."

"गाडीतनं? मी जन्मात कुणाच्या गाडीत बसलेलो न्हाई."

हे अगदी खरं होतं. पुण्याला मी एस्टीनं गेलो होतो.

सर्जेराव माझ्या तोंडाकडं बघत राहिला. आम्ही दोघं एका गल्लीत वाढलो, एका तालमीत घुमलो. दौलतराव कॉलेजच्या संघाचा मी कोच आणि तो मॅनेजर. मॅनेजर म्हणजे बॉलमध्ये हवा भरण्यापासून पोरांच्या आयांची समजूत काढण्यापर्यंत सगळं. पगार कशाचाच नाही. मला वाटलं आता हा शपथ घ्यायला लावणार.

"बरं," तो म्हणाला. "तू म्हणतोस तर न्हाई. पण सांगून ठेवतो, आज हरलो तर तुला स्टेडियमच्या दारातनं बाहेर न्यायला मला जमणार न्हाई." आणि त्यानं नारळ असा आपटला की पाणी माझ्या बुटांवर उडालं.

आता सोळा वर्षं झाली या गोष्टीला, त्यामुळं लपवायचं काही कारण नाही. मी सही केली होती. आठ दिवस आधी, पुण्याच्या सह्यगिरी विद्यापीठाच्या ऑफिसात, गार हवेत बसून. आमच्याकडं मैदान एकच, त्यावर रविवारी क्रिकेट आणि दिवाळीत फटाक्यांचे स्टॉल. त्यांच्याकडं हिरवंगार गवत, व्यायामशाळा, संघाची स्वतःची बस आणि पोरांचे पाय बघायला पगारी फिजिओ. आमच्याकडं फिजिओच्या जागी बर्फ होता, तोही लस्सीवाल्याकडून मागून आणलेला. त्या असल्या मैदानावर मी सात वर्षांत दौलतराव कॉलेजला तीनदा राज्याच्या फायनलला नेलं. अडतीस वर्षांचा होतो. मोठ्या ठिकाणी जावंसं वाटलं तर काय पाप केलं?

त्यांचे क्रीडा संचालक म्हणाले होते, "स्पर्धा होईपर्यंत कुणाला बोलू नका इंगवले, तुमच्याच सोयीसाठी." मलाही ते पटलं. तेव्हा ड्रॉमध्ये ते वरच्या टोकाला होते आणि आम्ही खालच्या. मग त्यांनी मुंबईवाल्यांना उडवलं, आम्ही नागपूरकरांना, आणि बसलो समोरासमोर. ज्यांचा पगार मी पुढच्या महिन्यापासून खाणार होतो त्यांच्याविरुद्ध, आमच्याच गावात, पंधरा हजार माणसांसमोर.

फुटणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल पहिल्यापासून तालमींचा. ज्या पेठेत जन्मलास तिची जर्सी घालायची आणि तिच्यासाठीच खेळायचं. मी विसाव्या वर्षी चिंचेची तालीम सोडून गवळी तालमीत गेलो. कारण साधं होतं, तिथं मला खेळायला मिळत होतं आणि इथं मी बाकावर सडत होतो. त्या संक्रांतीला आईनं हळदीकुंकू केलं. दरवर्षी चाळीस बायका यायच्या, त्या वर्षी तिघी आल्या, त्यातली एक माझी मावशी. आई वाणाच्या वाट्या मांडून दिवे लागेपर्यंत दारात उभी होती. मला एक शब्द बोलली नाही, पण दोन वर्षांनी मी परत चिंचेच्या तालमीत आलो तेव्हा देवासमोर साखर ठेवली तिनं. तर ते भय माझ्या हाडात बसलेलं होतं. गोलला मी घाबरलो नाही कधी, पण फुटला म्हणून घ्यायला घाबरत होतो.

सामना सुरू झाला आणि तिसाव्या मिनिटाला आमच्या गोलकीपरच्या हातातून साधा बॉल निसटला. तो त्याच्या आजीनंही अडवला असता. एक-शून्य. चिंचेच्या तालमीची माणसं बसतात त्या बाजूनं एक खणखणीत आवाज आला.

"इंगवलेऽऽ! पुण्याचं तिकीट काढलं काय रं?"

हशा पिकला. मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही. सर्जेराव शेजारी उभा होता, तो पान चघळायचा थांबला. त्यानंतर मी जे जे केलं त्यावर डोळे होते. विंगरला जागा बदलायला सांगितली तर कुजबुज, पाणी प्यायलो तरी कुजबुज. आयला, माणसाला शिंक आली असती तरी त्यात पुणेवाल्यांची खूण शोधली असती!

हाफटाइमला पोरं माना घालून बसली होती. मी जोरात बोलायला गेलो तर आवाज चिरकला. तेवढ्यात युवराज उठला.

युवराज हंचनाळे, आमचा नऊ नंबर. वीस वर्षांचं पोर, बाप टेंपो चालवायचा तो अपघातात गेला, आई घरी मसाला कुटून द्यायची. असा स्ट्रायकर मी ना आधी बघितला ना नंतर, आणि नंतर मी पुष्कळ बघितले. गोव्याच्या एका क्लबनं त्याला मे महिन्यात चाचणीला बोलावलं होतं. पत्र त्यानं आधी मला आणून दाखवलं, मग आईला.

"सर," तो म्हणाला, "तुम्ही काय बी सांगू नका. बॉल मला द्यायला सांगा फक्त."

पोरं हसली, मीही हसलो. बावन्नाव्या मिनिटाला कॉर्नर आला आणि त्यानं दोन उंच डिफेंडरांच्या मधून डोकं घातलं. एक-एक. लोक पत्र्याच्या जाहिराती बडवायला लागले. सर्जेरावनं मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "वाचलास!" मी खरंच वाचलो असं मला वाटलं.

पासष्टाव्या मिनिटाला त्यांच्या डिफेंडरनं युवराजला बाजूनं आडवं घेतलं. घाण टॅकल नव्हता, उशिरा आलेला होता. युवराज पडला आणि उजवा गुडघा धरून गोल फिरला. सर्जेराव बर्फाची पिशवी घेऊन पळाला. मी रेषेवर होतो, पंचवीसेक पावलांवर. युवराज आमच्याकडं पाठ करून बसला होता. सर्जेरावला त्यानं गुडघ्याला हात लावू दिला नाही, बर्फ स्वतःच घेतला, मोजा ओढून गुडघ्याच्या वर घेतला आणि उठून रेफ्रीला अंगठा दाखवला.

"काय न्हाई, मुका मार हाय," सर्जेराव परत येत म्हणाला.

मी युवराजचं पाऊल बघत होतो. पहिली आठ-दहा पावलं तो सरळ पळाला. मग बॉलसाठी वळला, उजवा पाय रोवला, आणि गुडघा आतल्या बाजूला सरकला. पाय एकीकडं, मांडी एकीकडं. क्षणभरच, मग परत जागेवर. हे बघायला डॉक्टर लागत नाही. वीस वर्षं मी पोरांचे गुडघे बघतोय, आतली दोरी गेली की गुडघा असाच सरकतो. त्या क्षणी त्याला बाहेर काढायचं, बसवायचं, दुसरा विचारसुद्धा करायचा नाही. ही माझी पहिल्या वर्षापासूनची शिस्त होती आणि प्रत्येक नव्या पोराला मी ती सांगायचो.

मी बाकावरच्या दिग्विजयला उठवलं. जर्सी खोच म्हटलं. खिशातली बदली खेळाडूंची चिठ्ठी काढली आणि बाहेर जाणाऱ्या खेळाडूच्या रकान्यात नऊ लिहिलं. चौथ्या पंचाचं टेबल दहा पावलांवर होतं.

"कुणाला काढालाइस?" सर्जेरावनं विचारलं.

 त्यानं चिठ्ठीत डोकावलं.

"युवराजला? बाजी, डोकं ठिकाणावर हाय काय तुझं? एक-एक चाललंय!"

"गुडघा गेलाय त्याचा."

"कुठं गेलाय? मी आत्ता जाऊन आलो की! पोरगं पळतंय, बघ की मर्दा!" आणि मग तो थांबला. मघाशी टाकीपाशी बघत होता तसा माझ्याकडं बघायला लागला. आवाज एकदम खाली आणला. "बाजी. खरं सांग मला."

मागच्या पायऱ्यांवर कुणीतरी दिग्विजयला उभं राहिलेलं बघितलं होतं. "कोण बाहेर? कोण बाहेर?" अशी हाळी फिरली. मग एक जण बोंबलला, "नवाला काढतोय! आरं बघा, नवाला काढतोय फुटका!" आणि तो शब्द पायरीपायरीनं वर चढत गेला. पंधरा हजार नसतील ती माणसं, पन्नास असतील फार तर. पण मला आईच्या दारातल्या त्या वाट्या दिसल्या. मी चिठ्ठी मुठीत धरून उभा होतो. युवराज लंगडत नव्हता, मला बरं वाटावं इतपत पळत होता. मी मनाशी म्हटलं, कदाचित तुझी नजर चुकली असेल. नजर चुकलेली नव्हती आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

"कुणाला न्हाई काढत," मी म्हटलं. "दिग्या, बस खाली."

चिठ्ठी चुरगाळून मी खिशात घातली. सर्जेरावनं सुस्कारा सोडला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला गोड लागली, हेही सांगून टाकतो.

पुढची मिनिटं मी बॉल बघितलाच नाही. नुसता तो उजवा पाय बघत होतो.  आमचा कोच आमच्याच स्ट्रायकरकडं बॉल जाऊ नये म्हणून देवाचा धावा करतोय, हे पायऱ्यांवरच्यांना कळलं असतं तर त्यांनी मला तिथंच तुडवलं असतं! दोनदा गुडघा सरकला. दोन्ही वेळा युवराजनं बाकाकडं चोरून नजर टाकली, आणि दोन्ही वेळा मी दुसरीकडं बघितल्यासारखं केलं.

शहाऐंशीव्या मिनिटाला आमच्या गोलकीपरनं लांब किक मारली. युवराजनं बॉल छातीवर घेतला, एका डिफेंडरला मागं टाकलं आणि सगळं अंग उजव्या पायावर तोलून डाव्यानं हाणला. जाळी हलली. स्टेडियम असं उठलं की मला माझाच आवाज ऐकू येईना. युवराज पडला होता आणि पोरांनी त्याच्या अंगावर उड्या टाकल्या, एकावर एक, आठ-नऊ जण. खालून तो ओरडत होता. सगळ्यांना वाटलं आनंदानं ओरडतोय. मी पळालो आणि पोरांना कॉलरला धरून बाजूला फेकायला लागलो. "उठा! उठा भडव्यांनो, उठा त्याच्यावरनं!" असं माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

आम्ही दोन-एकनं जिंकलो. युवराजला रिक्षातून दवाखान्यात नेलं आणि मला खांद्यावर घेऊन मिरवलं. मी खाली उतरवा म्हणत होतो, ऐकतोय कोण. गुलालानं डोळे भरले होते, त्यामुळं मी रडतोय हे कुणाला कळलं नाही.

चौथ्या दिवशी पुण्याची बातमी पेपरात आली. मी घरात दार लावून बसलो. आता येतील, काच फोडतील. आले, पण हार घेऊन आले. चिंचेच्या तालमीनं सत्कार ठेवला. सर्जेराव माइकवर म्हणाला, "ह्या माणसानं सही केली होती. मनात आणलं असतं तर नव्या मालकाला खूश करून गेला असता. पण आमच्या बाजीनं मालकाच्याच छाताडावर गोल मारला आणि मग चाललाय! ह्याला म्हणायचं पेठेचं रक्त!" टाळ्या थांबेनात. पुण्याहून संचालकांचाही फोन आला. "आम्ही हरलो इंगवले, पण माणूस बरोबर निवडला हे कळलं." मी सगळ्यांना हात जोडले.

डॉक्टर मात्र मला बाजूला घेऊन बोलले. "पहिल्या वेळी एकच लिगामेंट गेलं होतं हो. तेव्हाच बसवला असता तर सात-आठ महिन्यांत खेळला असता. त्याच पायावर परत परत जोर आला, आता गुडघ्यातल्या गादीसकट सगळं गेलंय. चालेल, सायकल मारेल. फुटबॉल नाही."

मी जायच्या दिवशी दुपारी युवराजच्या घरी गेलो. तीनची गाडी होती. तो खाटेवर होता, पाय उशीवर, कमरेपासून घोट्यापर्यंत पट्टी. त्याची आई लगबगीनं उठली आणि पदरानं खुर्ची पुसून दिली.

"बसा की सर. चहा टाकते. बघा तुमचा हिरो, पडून पडून वैतागलाय." ती आत गेली.

मी काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. पुण्यात फिजिओ आहे, महिन्याला घेऊन जातो, बघू, असलं काहीतरी. पण युवराजच आधी बोलला, दबक्या आवाजात, आत आईला ऐकू जाऊ नये असा.

"सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचा काय दोष न्हाई. मीच तुम्हाला कळू दिलं न्हाई."

"काय कळू दिलं नाहीस?"

"गुडघा." तो हसला. "मला म्हाइत हुतं तुम्ही सही केल्याली. माझा मामेभाऊ त्या पुण्याच्या ऑफिसात शिपाई हाय. तुमाला चहा त्यानंच दिला हुता. त्याच दिवशी फोन केला त्यानं मला."

 "मग बोलला नाहीस कुणाला?"

"कसं बोलू? खाल्लं असतं की तुमाला गावानं. आणि मॅचमधे लागलं तवा मी म्हटलं, आता सरांना दिसलं की सर मला काढणार. सर कुणाला न्हाई ऐकत ह्या बाबतीत. आणि मला काढलं आणि हरलो, की लोक म्हणणार, इंगवले फुटला. म्हणून पाठ करून बसलो. सर्जेरावमामांना हात लावू दिला न्हाई. मला वाटलं नुसतं दुखतंय, निघतील वीसेक मिनिटं." तो पुन्हा हसला, जरासा अभिमानानं. "तुमाला संशय बी आला न्हाई ना, सर?"

मी 'नाही आला' म्हणू शकलो असतो. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्यानं मला तयार करून दिलेलं होतं सगळं, मी फक्त उचलायचं होतं. गाव माझं नाव घेत होतं, पुणे वाट बघत होतं, आणि आता हे पोरही माझ्या पदरात निर्दोषपण घालत होतं. मला ते सहन झालं नाही.

"युवराज, मी बघितला होता गुडघा."

त्याचं हसू तसंच राहिलं, कारण त्याला अजून कळलं नव्हतं.

"कवा? पडल्यावर?"

"नाही. तू उभा होतास तेव्हा. तू वळलास आणि सरकला. मी चिठ्ठी लिहिली होती तुझ्या नंबरची. टेबलावर दिली नाही."

"का?"

"लोक ओरडत होते."

आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. युवराज माझ्या तोंडाकडं बघत होता, रागानं नाही. पोरगं गणित घालत होतं.

"कितव्या मिनिटाला?"

"पासष्टाव्या."

त्याचे ओठ हलले. मग त्यानं उशीवरच्या पायाकडं बघितलं.

"म्हंजे एकवीस मिनिटं बघत हुबा हुतासा."

"हो."

"मला म्हाइत नव्हतं सर, काय हुईल ते. मला वाटलं दुखतंय नुसतं." त्याचा आवाज फुटला. "तुमाला म्हाइत हुतं."

मी त्याच्या हाताला हात लावायला गेलो. त्यानं हात ओढला नाही, पण माझा हातही धरला नाही. आई कपबशा घेऊन बाहेर आली.

"आई, सरांना चहा नको," युवराज म्हणाला. "त्यांची गाडी हाय." आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "जावा सर तुम्ही."

"असं कसं, चहा तरी घेऊन जावा की," त्याची आई म्हणाली. मी वाकून तिला नमस्कार केला तर ती गडबडली, म्हणाली, "हे काय सर, तुम्ही कशाला पाया पडता? तुमच्यामुळं तर पोराचं नाव झालं." मी चपला हातात घेऊनच गल्लीत आलो.

पुण्यात मी अकरा वर्षं होतो. पुष्कळ जिंकलो. युवराज आता शाळेच्या मुलांची बस चालवतो. एकवीस मिनिटांची गोष्ट त्यानं सर्जेरावला सांगितली नाही, तालमीत सांगितली नाही, आईलाही सांगितली नाही. मी कोल्हापुरात उतरलो की लोक अजून हाताला धरून चहाला नेतात.